यंदा प्लूटो आत आलाय

कल्याणच्या कुंभारवाड्यातल्या महिपत मूर्तिकाराला आयुष्यात दोनच गोष्टींनी पुरतं गोंधळात टाकलं. एक त्याची मुलगी मालू, आणि दुसरी सूर्यमाला. या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही त्याला तो धड सांगता येणार नाही. विचाराल तर नुसती मान हलवेल आणि मातीत हात घालेल.

महिपत मूळचा पेणकडचा. बापाचं बोट धरून कल्याणला आला तो इथलाच झाला. हात असा की गणपतीची सोंड एका दमात वळवायचा, पण माणसाशी बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. घरात बोलण्याचं खातं त्याच्या बायकोकडे, रखमाबाईकडे. याच्याकडे फक्त रागाचं. आणि राग तरी कसा? शाडूचा नव्हे, की चार थेंब पाणी पडलं आणि विरघळला. प्लास्टरचा. एकदा धरला की फोडल्याशिवाय सुटायचा नाही.

हा राग तीन वर्षं मालूवर होता. पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं, तेही कचोऱ्याच्या कान्हाशी, खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याच्या पोराशी. मातीतल्या घरची पोर पाण्यातल्या घरी चालली म्हणून महिपतनं आकाशपाताळ एक केलं आणि चार माणसांदेखत सांगून टाकलं की तुझ्या दारचं पाणी पिणार नाही. मालू तरी कुणाची पोर! नका पिऊ, म्हणाली, आणि निघाली ती मागे न बघता. कचोरं म्हणजे काही सातासमुद्रापार नाही हो. पत्रीपूल ओलांडला की आलंच. रखमाबाई महिन्यातून एकदा उघड उघड जाऊन यायची, आल्यावर शेजारणीला मोठ्यानं सांगायची की नात आता बसायला लागली, नातीला दात आला. महिपत त्या वेळी हातातलं काम थांबवायचा, पण एक शब्द विचारायचा नाही. जायचं होतं त्याला. जीव तुटत होता. पण चार माणसांत बोललेला शब्द गिळायचा कसा, हे काही बापानं शिकवलं नव्हतं.

तर एकोणनव्वद साल. डोंबिवलीच्या एका मंडळाचा गणपती महिपतच्या बापापासून यांच्याच शेडमधून जायचा. मंडळाचे अध्यक्ष खांबेटे सर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्या वर्षी पेपरात रोज एका यानाच्या बातम्या येत होत्या, ते म्हणे नेपच्यूनजवळ पोचलं होतं. सर नुसते पेटले. यंदाचा देखावा सूर्यमालेचाच, आणि गोळे महिपतच करणार, असं त्यांनी जाहीर केलं. महिपतला एवढंच समजलं की मधे सूर्य आणि भोवती नऊ ग्रह. त्यानं मान डोलावली. त्यात काय, गोळाच तर वळायचा.

आणि त्यानं केलं ते आपल्या धंद्याच्या रीतीनं. मुख्य मूर्ती मोठी, बाजूच्या लहान. म्हणून सूर्य केला छातीइतका उंच. त्याच्याखालोखाल मोठी केली पृथ्वी, कारण आपण तिथे राहतो, यजमानाचा मान असतो की नाही? बाकीचे सगळे सारखे, कुणी रुसायला नको. शेवटी रंग झाले आणि त्यानं बारीक कुंचला घेऊन एकेकाला डोळे काढले. मूर्तिकाराच्या शेडचा नियमच तो. डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय काहीही उंबऱ्याबाहेर जात नाही. आंधळं काही पाठवायचं नाही. सर पाहायला आले तेव्हा दहा गोल चेहरे टकामका त्यांच्याकडे बघत होते. सर मटकन पोत्यावरच बसले.

रागावले नाहीत, हे खरं. आधी पोट धरून हसले, मग समजावायला लागले, आणि तिथून महिपतच्या डोक्याचा जो भुगा सुरू झाला तो काही थांबला नाही. सर म्हणाले, सूर्य एवढा ठेवायचा तर पृथ्वी भिजवलेल्या वाटाण्याएवढी. महिपतला वाटलं सर थट्टा करतात. पण सरांनी रखमाबाईकडून डबेच मागवले. शुक्रही वाटाणाच, जरासा लहान. मंगळ तुरीचा दाणा, बुध मसूर. गुरू मात्र सोललेला नारळ. शनी त्याहून किंचित लहान नारळ, वर कडं. युरेनस आणि नेपच्यून दोन मोठी लिंबं. आणि शेवटचा प्लूटो म्हणजे मोहरी. बाई, माझ्या फोडणीत असे किती प्लूटो गेले, असं रखमाबाई म्हणाली आणि आत निघून गेली.

महिपतचं हसू मात्र पळालं होतं. तो एकेक विचारत गेला आणि एकेका उत्तराबरोबर जास्तच बुडत गेला. गुरू कशाचा बनलाय? वायूचा, पाय ठेवायला जमीनच नाही. मग रंग कशावर बसणार? शनी पाण्यापेक्षा हलका, मोठा समुद्र मिळाला तर तरंगेल. म्हणजे त्याचं विसर्जनच होणार नाही की! युरेनस आडवा पडून फिरतो. शुक्र उलटा फिरतो, आणि त्याचा एक दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा. इथे महिपतनं हात जोडले. दिवसच वर्षापेक्षा मोठा, मग तिथल्या लोकांनी चतुर्थी धरायची कधी? तिथे लोक नाहीत, असं सर म्हणाले, तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं.

पण खरा घोळ पुढेच होता. सरांनी सांगितलं की अंतरंही त्याच मापात ठेवायची तर मंडप पुरणार नाही. सूर्य मंडपात, तर पृथ्वी गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीत. गुरू स्टेशनच्या पलीकडे. युरेनस पार ठाकुर्लीच्या पुढे. नेपच्यून पत्रीपुलाजवळ. आणि प्लूटो? सरांनी बोटानं हिशेब केला आणि त्यांचेच डोळे चमकले. प्लूटो इथे, कल्याणात, महिपतच्या शेडमध्ये. मधे सगळं रिकामं. कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावला, देखावा मंडपात असतो की गावभर? पण सरांपुढे कोण बोलणार. वाटाणा गिरणीवाल्याकडे गेला, नारळ एका वाण्याकडे, लिंबं टपऱ्यांवर, आणि प्रत्येकाजवळ पाटी लागली. धाकट्यांचे गोळे महिपतनं त्या मापाचे नव्यानं केले, मसुरावर डोळे काढायचा मोह आवरला. सूर्य मात्र तोच राहिला, आणि त्याचे डोळेही. सरांनी पुसायला सांगून पाहिलं. महिपतनं कानांना हात लावले. उघडलेले डोळे मिटवायचे नसतात, हे त्यानं असं काही सांगितलं की सरांनी नाद सोडला. शेवटी सूर्याची पाठ लोकांकडे केली आणि चेहरा कल्याणच्या बाजूला.

बस्स, तेव्हापासून महिपतला चैन पडेना. आपणच काढलेले डोळे आता सगळी घरं, रूळ, पूल ओलांडून आपल्याकडे रोखून बघतायत असं त्याला वाटायचं. चतुर्थी झाली, मूर्ती घरोघर गेल्या, शेड रिकामी पडली. कोनाड्यात फक्त एक चुन्याची डबी, तिच्यात कापूस, कापसावर मोहरी. तो ती उघडून बघत बसायचा. एवढासा जीव, एवढ्या लांब, मधे काही नाही, दोर नाही, खांब नाही. मग हा सुटून का जात नाही? सूर्याच्या ओढीनं, सर म्हणाले होते. एवढ्या लांबून? एवढ्याशा मोहरीला? सूर्याला ठाऊक तरी असेल का, ही आहे म्हणून? रखमाबाई म्हणाली, भ्रमिष्ट झालात तुम्ही, जेवून घ्या.

दोन दिवसांनी खांबेटे सर धापा टाकत आले. चेहरा उतरलेला. चूक झाली होती, आणि महिपतची नाही, त्यांची. पुस्तकातलं सरासरी अंतर घेऊन ते मोकळे झाले होते. प्लूटोचा रस्ता गोल नाही, चांगला लांबट आहे. अडीचशे वर्षांत एक फेरी, आणि त्यात वीसेक वर्षं अशी येतात की हा सगळ्यात लांबचा ग्रह नेपच्यूनच्याही आत शिरतो. दहा वर्षांपूर्वी तो आत आलाय, अजून दहा वर्षं आतच राहणार. याच महिन्यात तर सूर्याच्या सगळ्यात जवळ आहे. मंडपात एका मुलीनं बरोबर हेच विचारलं आणि सरांची भंबेरी उडाली होती.

महिपतला काही केल्या उमगेना. शेवटचा तो शेवटचा. तो आत कसा येईल? नेपच्यूनवर आदळणार नाही? नाही, त्याची वाट तिरकी आहे, दोघं जवळ येतच नाहीत. मग त्याला आत बोलावलं कुणी? कुणीच नाही, सर म्हणाले, त्याचा रस्ताच तसा आहे; लांब जातो, आणि वेळ झाली की आपसूक वळून येतो. महिपतनं हे दोनदा वदवून घेतलं. कुणी बोलावत नाही? नाही. कुणी काही म्हणतही नाही? कोण म्हणणार, महिपत?

"आता कुठे ठेवायचा मग?" महिपतनं विचारलं.

"नेपच्यूनच्या टपरीच्या थोडा अलीकडे, डोंबिवलीच्या बाजूला," सर म्हणाले. "कचोऱ्यात ठेव कुणाच्या तरी घरी. ओळखीचं कुणी आहे का तिथे?"

आत रखमाबाईच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. बिचाऱ्या सरांना काय कल्पना. महिपतनं डबीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला, डबी खिशात टाकली आणि चालत निघाला. रखमाबाईनं बरोबर येऊ का विचारलं नाही. नातीसाठी शिवलेलं झबलं तेवढं पिशवीत कोंबलं. पत्रीपुलावर त्याची चाल मंदावली. चार माणसांत शब्द दिलाय आणि निघालास कुठे, असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, मी कुठे चाललोय, मी तर मंडळाचं काम करतोय. दोघांतलं खरं कोण, हे त्याला ठरवता येईना. पुलापलीकडच्या टपरीवर लिंबाएवढा नेपच्यून बरणीवर ठेवला होता, त्याच्यावर माश्या बसल्या होत्या. महिपतनं तो पुसला आणि पुढे गेला. आता आपण आत आलो, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं.

मालू दारात सूप घेऊन कोळंबीचे सोडे निवडत होती. मांडीवर पोर. कान्हा खाडीवर गेलेला. तिनं मान वर केली आणि हात तसाच सुपात राहिला. महिपतला बोलायचं होतं खूप, तीन वर्षांचं साठलेलं. पण जीभ ती जीभ. त्यानं डबी काढली आणि सांगायला लागला ते प्लूटोचंच. ही मोहरी नाही, ग्रह आहे. होता आपल्या शेडमध्ये, पण ते चुकलं. रस्ता लांबट आहे त्याचा. टक्कर होत नाही, तिरकी वाट आहे. सूर्याचं तोंड इकडेच आहे, डोळे मीच काढले. सगळं उलटंपालटं, एकात एक गुंतलेलं. मालू ऐकत होती. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण मधे एकदाही तिनं त्याला थांबवलं नाही.

"कुठे ठेवायचा, बाहेर की आत?" तिनं विचारलं.

"आत," महिपत म्हणाला. "यंदा तो आत असतो."

तिनं डबी घेतली, देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. त्याच्या हातात मात्र दिलं नाही. उंबऱ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली. विसरली नव्हती ती. महिपत त्या तांब्याकडे बघत राहिला. नात रांगत आली आणि तिनं पाण्यात सबंध हात बुचकळला, तेव्हा तो पटकन खाली वाकला, तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायला. सदरा भिजला. डोळेही भिजले, आणि ते त्यानं पुसले नाहीत.

"बाबा," मालू म्हणाली. "बसणार ना? किती वेळ आहात?"

महिपतला खरंच माहीत नव्हतं. त्यानं सरांचं बोलणं आठवून पाहिलं.

"नव्याण्णव सालापर्यंत," तो म्हणाला.

मालूनं सूप बाजूला सरकवलं आणि त्याला बसायला जागा केली.