लेकीबरोबर दिलेली सीईटी

पारनेरच्या कोर्टाबाहेर मी बरीच वर्षं टायपिंग केलं. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. एखादं कलम खटकलं तर हळूच विचारायची, "साहेब, हेच ना?" एकदा एक वकीलसाहेब हसत म्हणाले, "बाई, तुम्हीच का करत नाही एलएलबी?" ते थट्टेत बोलले असतील. माझं बी.ए. लग्नाआधीच झालेलं. मला ती थट्टा वाटली नाही.

त्याच वर्षी लेक बी.कॉम. झाली. तिनं लॉच्या प्रवेशाची सीईटी द्यावी म्हणून मी मागे लागले होते. ती म्हणाली, "तू फॉर्म भर, मग मी भरते." मी भरला, मग तिनंही. दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीला निघालेले आमचे हे दारातच थांबले.

"म्हंजी मायलेकी एकाच वर्गात बसनार व्हय? मग सैपाक कोन करनार?"

"तुम्ही," लेक म्हणाली.

आणि परीक्षेपर्यंत सकाळची भाजी खरंच यांनी केली. लई तिखट असायची. आम्ही गप खायचो.

संध्याकाळी मी कोर्टातून आले की ओट्यावर सराव चाले. लेक मोबाईलवर वेळ लावायची. इंग्रजी आणि सामान्यज्ञान जड जाईल असं वाटलं होतं, पण मी अडले ती कायद्याच्या प्रश्नांत. एक प्रश्न होता: अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीनं केलेला करार बंधनकारक नसतो. सतरा वर्षांच्या पोरानं मोटारसायकल विकायचा करार केला. तो त्याच्यावर बंधनकारक आहे का?

मी म्हटलं, "गाडी बापाच्या नावावर असणार. घेणारा गावातलाच असेल. बसून मिटवतील."

"आई, तडजोड हा पर्यायच नाही इथं."

"पण तसंच होतं."

"होत असेल. तत्त्व दिलंय, घटना दिलीय. तुला बाकी जे माहीत आहे, ते विसर."

ते विसरणं मला फार अवघड गेलं. प्रत्येक प्रश्नात मला कोर्टाच्या पायरीवर बसलेलं कुणीतरी दिसायचं. लेक न कंटाळता पुन्हा पुन्हा समजावायची. हळूहळू मी उत्तराआधी थांबायला शिकले.

परीक्षा नगरला होती. दोघी एकाच एसटीनं गेलो, वेगवेगळ्या खोल्यांत बसलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सोपा होता." मला तसं वाटलं नव्हतं.

निकाल तिनंच मोबाईलवर पाहिला. माझे मार्क तिच्यापेक्षा बरेच जास्त होते; तिचे प्रवेशाला पुरण्यासारखे नव्हते. "अभिनंदन," म्हणाली आणि गोठ्याकडे गेली. मला आनंद झाला होता, आणि तो झाल्याची लाजही वाटत होती. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मी नाही जात. या वयात काय करायचंय? पुढच्या वर्षी तू पुन्हा दे."

ती एकदम चिडली. "मग मी तुला रोज शिकवलं कशाला?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला वकील व्हायचंच नव्हतं गं. तुला व्हायचं होतं. मला बी.एड. करायचंय."

हे तिनं आधी कधीच सांगितलं नव्हतं. की मी कधी विचारलं नव्हतं? माझा रस्ता मोकळा व्हावा म्हणून ती तसं बोलली, की ते खरंच होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता मी सकाळच्या गाडीनं नगरला कॉलेजला जाते आणि दुपारनंतर टायपिंगला बसते. ती बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा एका शाळेत तिचा सरावपाठ होता. घरी येऊन ती तासभर वर्गातल्या पोरांबद्दलच बोलत होती, हात हलवत, मध्येच हसत. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.