मामंजींजवळ उरलेला शब्द

मामंजींना अर्धांगाचा झटका आला, त्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. काही दिवसांनी वाचा परतली, पण बरोबर एकच शब्द घेऊन आली. ‘सेट.’ जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माझ्या सासऱ्यांपाशी एवढाच ऐवज उरला.

पाणी हवं असलं तरी सेट, डास चावला तरी सेट, मुलगा कचेरीतून आला की त्याच्याकडे बघून सेट. हे आम्हाला कळायचं. तहान आणि डास ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही. कळायचं नाही ते संध्याकाळचं. दिवेलागणीच्या सुमाराला ते डाव्या हातानं पलंगाची कड धरायचे, मान दाराकडे वळवायचे आणि म्हणायचे, “सेट.” मग जोरात. मग अगदी विनवल्यासारखं. त्यांना काहीतरी हवं होतं, रोज तेच हवं होतं, आणि ते काय हे घरात कोणाला समजत नव्हतं.

कोणाला म्हणजे इतरांना. मला समजणारच होतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. नारायण पेठेतल्या आमच्या त्या दोन खोल्यांत मामंजींच्या खालोखाल इंग्रजी मलाच येतं, असं माझं मत होतं. हे मत मी बोलून दाखवत नसे, चेहऱ्यावर वागवत असे.

त्याला थोडे मामंजीही जबाबदार होते. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून संध्याकाळच्या चहानंतर ते मला एक इंग्रजी शब्द द्यायचे. त्याचे जमतील तेवढे अर्थ सांगायचे, मग तो कुठून आला ते दोघांनी मिळून जाडजूड कोशात बघायचं. “लहान शब्द घ्यावा, सूनबाई,” ते म्हणायचे. “लांबलचक शब्दाला एकच अर्थ असतो, तो आपला घरी बसून असतो. लहान शब्द गावभर हिंडून येतो.” मी गवारीच्या शेंगा मोडत अर्थ सांगायचे. चुकलं तर ते रागवायचे नाहीत. नुसते डोळे मिटायचे. उघडले की समजायचं, पुढे बोला. वर्गातही म्हणे असंच करायचे. मुलं म्हणायची, यापेक्षा छडी परवडली.

झटका आला त्याच्या आदल्या संध्याकाळचा शब्द होता ‘सेट’. अर्थ अर्ध्यावर आले होते तेवढ्यात पाहुणे आले. “राहिलेलं उद्या बघू,” असं म्हणून मामंजींनी कोश मिटला.

त्यामुळे माझा तर्क सरळ होता. ज्यांनी हयातीत चुकीचा शब्द वापरला नाही, ते आता कसे वापरतील? शब्द बरोबरच असणार. कुठला अर्थ तेवढा आपण शोधायचा. हे घरात सगळ्यांना पटलं, यावरून ते घर कसलं होतं ते समजावं. दुसऱ्या घरात अंगारा आणला असता. आम्ही कोश काढला.

पहिला मान रेडिओ सेटला. आमचा रेडिओ त्या वेळी बुधवार पेठेत दुरुस्तीला पडला होता. ह्यांनी कचेरीतून परस्पर जाऊन दुकानदाराच्या डोक्यावर बसून तो घेतला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला. दिवेलागणीला लावला. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम चालू होता, ज्वारीवरच्या किडीबद्दल कोणी बोलत होतं. मामंजींनी अर्धा मिनिट ऐकलं आणि डोळे मिटले.

मग कपाटातला टी-सेट. तो माझ्या लग्नात आलेला, काचेआडून रस्त्याकडे बघत बसलेला. त्यातून आजवर कोणी चहा प्यायलं नव्हतं.

“फुटला म्हणजे?” सासूबाई म्हणाल्या.

“अहो आई, त्यांना तोच हवा असेल.”

“त्यांना? त्यांना बशी लागते फुरकायला. ती कशातलीही चालते.”

मी तरीही त्यातून चहा दिला. चहा ते प्यायले, आणि कप मी विसळायला नेईपर्यंत मागून आवाज आला, “सेट.”

दातांच्या कवळीला डॉक्टर सेट म्हणायचे, म्हणून ती बसवून पाहिली. त्यांनी ती बाहेर काढून माझ्या ओंजळीत दिली. मावळणाऱ्या सूर्यालाही हाच शब्द, हे मला भाकरी थापताना सुचलं आणि मी पिठाच्या हातानं ह्यांना हाक मारली. शेजारच्यांना बोलावून पलंग उचलून पश्चिमेला तोंड केलं. पश्चिमेला शेजारच्यांचीच न्हाणी होती. मामंजी तिच्या मोरीच्या पाइपाकडे बघत राहिले. पलंग परत फिरवायला शेजारी दुसऱ्या दिवशी सवडीनं आले.

सासूबाई हे सगळं दारातून बघत असायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी त्यांचं मत विचारलं नव्हतं. त्यांनी ते आपणहून दिलं. “ही त्यांची फिरायला जायची वेळ. टोपी आणि काठी मागतायत.” त्यांनी टोपी झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली, काठी हातात दिली. मला आतून जरा वाईटच वाटलं, की एवढं सोपं असेल तर माझ्या बी.ए.चं काय. मामंजींनी काठी पलंगावर ठेवली आणि डोळे मिटले. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिथंच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “बोलत होते तेव्हा तरी कुठं कळायचे,” आणि आत गेल्या. त्या रडत असाव्यात हे माझ्या लक्षात आलं नाही. मी पुढचा अर्थ शोधत होते.

डॉक्टर मामंजींचेच जुने विद्यार्थी. त्यांनी मला बाहेर गॅलरीत बोलावलं. “वहिनी, तो शब्द नाही. डोक्यात जे काही शाबूत राहिलंय ते बाहेर पडतं. कोणाजवळ शिवी उरते, कोणाजवळ देवाचं नाव. सरांजवळ हे उरलं. त्यात अर्थ शोधू नका.”

“मग त्यांना हवंय काय?”

“हवं असेल काहीतरी. पण ते त्या शब्दात नाही.”

या डॉक्टरांना शाळेत इंग्रजीत किती मार्क पडायचे ते मामंजींनी मला पूर्वीच सांगितलं होतं. त्यामुळे मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही.

शेवटी मी मुळाशी गेले. कोशात वाचलं, की हा एक शब्दच नाही, दोन आहेत. वेगवेगळ्या वाटांनी आले आणि एकाच नावानं राहू लागले. वस्तूंचा संच म्हणतो तो लॅटिनमधून फ्रेंचांकडून आलेला, त्याच्या मुळाशी कोणाच्या तरी मागोमाग जाणं आहे. आणि दुसरा इंग्रजांचा घरचा, जुना. त्याचा अर्थ बसवणं. बसणाऱ्याला बसवणं. मी कोश तसाच उघडा टाकून धावले. मामंजींना उठवून बसवा, एवढंच ते मागत होते, आणि आम्ही त्यांना चिनी मातीचे कप दाखवत होतो. ह्यांनी काखेत हात घातले, मी पाठीशी उशा आणि गुंडाळलेली सतरंजी लावली. मामंजी बसले. समोरची भिंत त्यांना दिसली, कॅलेंडर दिसलं. चेहरा जरा सैल झाला. मी ह्यांच्याकडे असं बघितलं, की जणू पदवीदान समारंभ चालू आहे.

“सेट,” मामंजी दाराकडे बघून म्हणाले.

त्यानंतर माझ्याजवळ अर्थ उरले नाहीत. म्हणजे कोशात होते, पण हाडं जुळून येतात, सिमेंट घट्ट होतं, ते घेऊन मी काय करणार होते? संध्याकाळ झाली की पिशवी शोधायचे. मी भाजी आणायचं निमित्त काढून मंडईत जायचे आणि हवं त्यापेक्षा जास्त हिंडायचे. परत येऊन जिन्याशी थांबायचे. वरून आवाज यायचा. तो थांबेपर्यंत मी खालीच कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी.

एकदा पळून जाता आलं नाही. सासूबाई देवळात गेल्या होत्या, हे यायचे होते. मामंजींनी सुरू केलं. मी पलंगाच्या कडेवर बसले, आणि काय वाटलं कोण जाणे, त्यांच्याच सुरात म्हटलं, “सेट.”

ते थांबले. माझ्याकडे बघायला लागले. “सेट?”

“सेट.”

असं दोन-चारदा झालं. त्यांचा आवाज उतरला. मला वाटलं, जमलं. आता आम्ही बोलतोय, आता यांना एकटं वाटणार नाही, आणि हे सुचलं ते मला. डोळ्यांत पाणी आणून मी स्वतःचं कौतुक करत होते. त्यांनी बराच वेळ माझा चेहरा न्याहाळला. मग डोळे मिटले. चुकलेल्या उत्तराला मिटायचे तसेच. मी उघडायची वाट बघत बसले, पुढे बोलायला. हे आले, सासूबाई आल्या, दिवा लावला गेला, त्यांनी उघडले नाहीत.

“काही म्हणाले?” सासूबाईंनी विचारलं.

“बोलत होतो आम्ही.”

“काय?”

“माहीत नाही.”

त्यानंतरही ते रोज म्हणायचे, पण माझ्याकडे बघून नाही. पावसाळा संपायच्या आत गेले.

आता मी वारज्याला नातवाच्या फ्लॅटमध्ये असते. हल्ली माझेही शब्द इकडेतिकडे होतात. परवा पडवळ आठवेना, नातसुनेला हातांनी लांबी दाखवली, तर तिनं फोनचा चार्जर आणून दिला. मी तो घेतला. बिचारी एवढ्या तत्परतेनं घेऊन आली होती.

काल दिवेलागणीला सोफ्यावर बसले होते, दार उघडंच होतं. एकदम वाटलं, दार लोटा म्हणत असतील, डास येतात. इतकी वर्षं हे कसं सुचलं नाही? गुडघे धरून उठले, दार लोटलं, आणि मनातल्या पलंगाकडे वळून बघितलं.

त्यांनी डोळे मिटले.