लाळेरं कुणाचं मोठं?

गेल्या हिवाळ्यात इथे आखातात, सोहारजवळच्या शेतात, आमच्या नऊ वर्षांच्या इराने व्हेरिएबल व्हीटियर हा काळापांढरा पक्षी ओळखला. मी फुशारकीने त्याचा फोटो, आधीच्या ह्यूम्स व्हीटियरच्या फोटोखाली, आमच्या मराठी पक्षीवेड्यांच्या ग्रुपवर टाकला. केळकरकाकांनी दोन ओळींत निकाल लावला: "हा ह्यूम्सच. एकच पक्षी दोनदा दाखवताय." पोरीने त्यानंतर दुर्बिणीला हात लावला नाही. मला चीड आली ती त्याची. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणून या जानेवारीत काकांनाच गाडीत घातलं. दोन्ही पक्षी दाखवायचे, बस्स.

शुक्रवारी पहाटे अल अमेरातच्या घरून निघालो. निझवा दीड तास, रस्ता लोण्यासारखा. सूक बाजाराजवळच्या मल्याळी हॉटेलात अंडा-परोठा आणि कडक, दुधाळ करक चहा, तिघांचं रियालभरात भागलं. पुढे एका वादीत, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात, ह्यूम्स आयता दगडावर येऊन बसला. जाड मानेचा, नव्या बुटासारखा चकचकीत काळा, पोट पांढरंशुभ्र. काकांनी फोटो काढले. इराने लांबूनच बघितलं.

शनिवारी सोहार, दोन-अडीच तासांचा सरळसोट हायवे. औद्योगिक वसाहतीची धुराडी मागे पडली की शेतं लागतात. फाटकावरच्या मुकादमाला विचारल्याशिवाय आत जाऊ नका. मालक तेव्हा शेतावर नव्हता. आम्हाला तो म्हणाला, "अर्बाब नहीं है, पर आप लोग देख लो. चलो, यल्ला."

तासाभराने कुंपणाच्या तारेवर एक काळापांढरा दिसला.

"हा बघा, कालचाच," काका म्हणाले.

"नाही आजोबा. याचं ना, ते बिब..."

"मराठीत सांग बाळा."

इरा अडखळली. शाळेत दिवसभर इंग्रजी, मराठी शब्द वेळेवर सापडत नाही. मग तिला धाकट्या भावाचं जेवण आठवलं असावं.

"याचं लाळेरं मोठं आहे. कालच्याचं गळ्यापर्यंतच होतं. याचं छातीवर आलंय. आणि हा शाइन पण कमी करतो."

काकांनी कालचा फोटो कॅमेऱ्यात काढला, तारेकडे बघितलं, परत फोटो बघितला.

"खलास," ते म्हणाले. "मी रंग बघत बसलो, छाती बघितलीच नाही."

परतताना गाडीतूनच त्यांनी ग्रुपवर लिहिलं: "पक्षी दोन. गेल्या वर्षीची चूक माझी, ओळख इराची." वाटेतलं बरका येईपर्यंत मी ते त्यांच्याकडून चार वेळा मोठ्याने वाचून घेतलं. इतका आनंद मला स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता.

आता ग्रुपवर कुणी काळापांढरा पक्षी टाकला की पहिला प्रश्न येतो, "लाळेरं केवढं?"

जाणार असाल तर जानेवारीत जा, आणि दुर्बिणी दोन न्या. आमच्याकडे एकच आहे, ती हल्ली मला मिळत नाही.