आप्पांनी चिकटवलेली लेबलं

आप्पा प्रयोगशाळेत शिरताना चपला दाराबाहेर काढायचे. नियम नेमका उलटा. आत बूट हवेतच. मी रागावले की म्हणायचे, "ताई, हितं पोरांची डोकी घडत्यात. देवळापरीस कमी हाय का?" मग नाइलाजानं रबरी बूट चढवायचे.

शिरूरच्या आमच्या कॉलेजात ते लॅब अटेंडंट होते. गाव निमोणे, वडील मेंढरं राखायचे. मी तिथंच टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या पावडरीवर पीएच.डी. करत होते. पावडर तीच; पण बनवताना ॲसिड कुठलं वापरलं, त्यावर तिच्यातल्या स्फटिकांची ठेवण बदलते. हे ऐकून आप्पा म्हणाले, "मेंढरं तीच, हाकणारा बदलला की बसायची तऱ्हा बदलती. ह्याला पीएच.डी. कशाला?"

सल्फ्युरिकमधून 'अनाटेज' ठेवण यायला हवी होती, हायड्रोक्लोरिकमधून 'रुटाइल'. पुण्याहून आलेला एक्स-रे तपासणीचा अहवाल बरोबर उलटा! तीनदा केलं, तीनदा उलटा. मी हवेत. दौंडच्या परिषदेत हा 'शोध' मांडायचं ठरलं आणि मी पेढे वाटले. आप्पांनी पेढा नुसता हातात धरून ठेवला.

परिषदेच्या आदल्या दुपारी त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं ॲसिड परीक्षानळ्यांत घेतलं आणि वरून बेरियम क्लोराइड टाकलं. सल्फेट ओळखायची ही अकरावीतली चाचणी. 'हायड्रोक्लोरिक' लिहिलेल्या बाटलीतलं ॲसिड दुधासारखं पांढरं झालं. म्हणजे आत सल्फ्युरिक होतं.

"जुनी लेबलं भिजून निघाली व्हती. नवी मीच चिकटवली. उलटी लागली, ताई."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पेढा दिला तवा शंका आली. आज खात्री केली."

"दोन महिन्यांनी रिटायर होताय, आप्पा. गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?"

"पावडरीला कळलंच की! तिनं तीनदा सांगितलं. आपुनच पेढं वाटीत बसलो."

दौंडला मी घडलं ते तसंच सांगितलं. मोठा हशा झाला. मग पुढच्या रांगेतल्या एक वयस्कर प्राध्यापिका म्हणाल्या, "बाटलीत काय आहे हे माहीत नसताना निकाल खरा आला. याहून चोख प्रयोग कोणता?"

प्रबंध छापून झाला, तोवर आप्पा निवृत्त होऊन गावी गेले होते. मी निमोण्याला जाऊन त्यांना आभाराच्या पानावरचं त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"ते ऱ्हाऊ द्या. चूक लिव्हली का?"

मी पान काढून वाचलं, "प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याकडून लेबले उलट लागली होती."

"एका म्हंजी कोण? तिथं चौघं व्हतो आम्ही. दुसऱ्यावर आळ नको. नाव घाला."

मी पेन काढलं आणि त्यांच्यासमोर, छापील ओळीच्या वर, त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.