जिन्यातली मराठी

मेट्रोत फोनचा स्पीकर लावून बोलणारी माणसं मला माणसांत धरवत नाहीत. गिंडीला चढलो की आलंदूरला गाडी बदलेपर्यंत असा एक तरी नग भेटतोच. फोन कानाला लावायचं सोडून तो टोस्ट चावायला घेतल्यासारखा तोंडापुढे आडवा धरतो, आणि मग पलीकडची त्याची मेहुणी, तिच्या पित्ताशयातल्या खड्यांसकट, सगळ्या डब्याला सोसावी लागते. माझं तमिळ बेताचं आहे, पण खडे किती मोठे आहेत एवढं कळतं.

ऑफिसात दुसरा नमुना. आमचा व्हॉल्व्ह बनवण्याचा छोटा कारखाना आहे आणि मी खरेदी विभागात बसतो. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ दिवसातून अनेकदा ‘सर, ओन्ली वन डाऊट’ म्हणत येतो, माझ्यासमोरची खुर्ची ओढतो, माझंच पेन उचलतो आणि डाऊट संपेपर्यंत त्याचं बटण टिकटिक दाबत राहतो. जाताना पेन स्वतःच्या खिशाला लावून जातो. माझ्या पेनांची त्याच्या ड्रॉवरमध्ये एक वसाहत झालेली आहे.

हे सगळं मी इतकी वर्षं सहन करू शकलो, कारण माझ्याकडे मराठी होती. नोकरीसाठी या शहरात आलेल्या प्रत्येक मराठी जोडप्याला ही चैन परवडते. भाजीवाल्याच्या तोंडावर त्याच्या शेवग्याच्या शेंगांची लायकी काढायची, डॉक्टरांच्या समोर बसून डॉक्टरांच्या केसांच्या रंगाबद्दल बोलायचं, आणि हे करताना चेहरा देवळात उभं राहिल्यासारखा ठेवायचा. ही कला मी आणि माझ्या बायकोनं फार वर पोचवली होती. बायको मात्र हळू बोलायची. मी मोकळ्या आवाजात.

आमचा सगळ्यात जास्त सराव व्हायचा तो जिन्यात. अण्णा नगरातली आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी दोघं एकदमच कामावरून येतो आणि चढता चढता दिवसभराचं साठलेलं बाहेर काढतो. त्यात मुख्य विषय एकच असायचा: तळमजल्यावरचे गृहस्थ, ज्यांना मी सिग्नलमामा असं नाव ठेवलं होतं.

निवृत्त माणूस. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळाला गंध, दारावरच्या पाटीवर दोन इंग्रजी आद्याक्षरं आणि पुढे एका देवाचं नाव. कुणीही गाडी मागं घ्यायला लागलं की हे आतून धावत येणार. कुणी बोलावलेलं नसतं. गाडीच्या मागे उभे राहून, दोन्ही हात हलवत, ‘वरलाम्, वरलाम्, वरलाम्’, म्हणजे येऊ दे, येऊ दे. असं येऊ देत देत त्यांनी माझी गाडी एकदा फाटकाच्या खांबावर घातली, आणि मग खांबाकडे वळून त्याची चौकशी केली. गाडीची नाही. आमची पार्सलं कुरियरवाल्याकडून घेऊन ठेवतात, हे बरं; पण हातात देण्याआधी पार्सल कानाशी नेऊन हलवतात आणि आत काय आहे ते सांगतात. त्यांचा अंदाज चुकत नाही, याचा मला जास्त राग यायचा. भेटले की ‘साप्टिंगळा?’, जेवलात का. उत्तर ऐकायला थांबत नाहीत. पहाटे यांच्या टीव्हीवर भजन लागतं, तेव्हा आमच्या तिसऱ्या मजल्यावरची भांडी थरथरतात. आणि यांच्या मामी रोज सकाळी कोलम, म्हणजे रांगोळी, काढतात तो असा सबंध दारभर, की ऑफिसला निघालेल्या माणसानं लंगडी घालत बाहेर पडावं.

तर या सगळ्याचं समालोचन मी रोज जिन्यात करायचो. त्यांच्या चालण्याची नक्कल, त्यांच्या वरलाम्‌ची नक्कल, सगळं. जिन्यात आवाज छान घुमतो.

मग सासूबाईंचे गुडघे गेले. त्या मिरजेला एकट्या राहतात. डॉक्टरांनी जिना चढायचा नाही असं सांगितलं. लिफ्टमध्ये त्या पाय ठेवत नाहीत, एका लग्नाला गेल्या असताना अडकल्या होत्या तेव्हापासून. म्हणजे त्यांना इकडे आणायचं तर तळमजलाच हवा. आणि आमच्या भागात जुनी घरं पाडून ज्या नव्या इमारती उठल्यात, त्यांच्या तळमजल्यावर गाड्या राहतात, माणसं नाहीत. आम्ही पुष्कळ फिरलो. एका रविवारी बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “आमच्या बँकेच्या मिरजेच्या ब्रँचला जागा आहे. मी विचारून ठेवलंय. खाली कुठे घर मिळालं तर आई इथे येईल. नाही मिळालं तर मी बदली मागते.”

“आणि मी?”

“तू मेट्रो बघ.”

हे तिनं भांडून म्हटलं असतं तर मी घाबरलो नसतो. ती पोळी उलटत होती.

आता सबंध अण्णा नगरात आम्हाला माहीत असलेला, तळमजल्यावरचा, रिकामा असा एकच फ्लॅट होता. तो आमच्याच इमारतीत, सिग्नलमामांच्या दाराच्या बरोबर समोर, आणि मालक सिग्नलमामा. जुने भाडेकरू गेल्यापासून त्याला कुलूप होतं. आलेल्या माणसांना मामा परत पाठवत होते असं वॉचमन सांगायचा. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही नीट कपडे करून गेलो. मामांनी ‘वांग, वांग’, या, या, म्हणत आत घेतलं, खुर्च्या दिल्या. बायकोनं इंग्रजीत आईचं सगळं सांगितलं, गुडघे, एकटेपणा, लिफ्ट. मामांनी मान डोलावली आणि अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या तमिळमध्ये स्वतःच्या परदेशातल्या नातवाबद्दल सुरू केलं. नातू पोहतो. नातवाला पदक मिळालं. पदक गोल आहे. मी चेहऱ्यावर आदर ठेवला आणि बायकोला मराठीत म्हणालो, “पुराण सुरू झालं. आता हा पोरगा समुद्र ओलांडून इथे येईपर्यंत आपली सुटका नाही.”

“गप्प बस,” बायको हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाली. “आईचं काम होऊ दे. काय बोलायचं ते वर गेल्यावर.”

“वर कशाला, जिन्यातच बोलू की.”

मामा बोलायचे थांबले. स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “अगे, कापी आण दोघांस. सिग्नलमामाच्या घरीं पहिल्यांदा आलेत. तसंच कसं पाठवायचं?”

हेल सगळा तमिळ होता, शब्द जुने, पण मराठी होती. यातला एकही शब्द मला समजला नाही असं म्हणायची सोय नव्हती. बायको फरशीकडे बघायला लागली. मी, का कोण जाणे, भिंतीवरच्या नातवाच्या फोटोकडे बघून मान डोलावली.

तंजावरकडची मराठी घरं या शहरात आहेत हे मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. आमच्या मराठी मंडळात त्यावर व्याख्यान झालं होतं आणि पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या होत्या. इतकी शतकं परक्या मुलखात भाषा जपणारी माणसं, वगैरे ऐकून माझा गळाही दाटला होता. तो दाटलेला गळा घेऊन मी घरी आलो आणि जिन्यात बायकोला ते सांगता सांगता मध्येच म्हणालो होतो, “हा बघ, आलाच बनियनवर. याला शर्टाची ॲलर्जी आहे का?” भाषा जपणारे लोक माझ्या कल्पनेत वाड्या-दरबारात कुठेतरी, जरीच्या कपड्यांत होते. त्यांच्यापैकी कुणी वेष्टी नेसून माझं पार्सल हलवत असेल हे व्याख्यात्यानं सांगितलं नव्हतं.

मामी कॉफी घेऊन आल्या. माझ्यापुढे पेला ठेवत म्हणाल्या, “आज बसून बोलताय. रोज वर चढत चढत बोलता, शेवटचं अमाला नीट ऐकू येत नाही.”

बायकोनं कसंबसं विचारलं, “तुम्ही कधी सांगितलं का नाही?”

“सांगून काय?” मामा म्हणाले. “तुमी बंद केलं असतं. संध्याकाळीं अमी टीव्ही लावत नाही, तुमी येणार मणून.”

“सीरियलपेक्षा बरं असते,” मामी म्हणाल्या. “त्यांची नक्कल करतां ती मला फार आवडते. अगदी तसेंच चालतात हे.”

म्हणजे ही दोन म्हातारी माणसं वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी दारामागे उभं राहून आमचं खासगी बोलणं ऐकत होती. चोरून. माणसाला काही लाजलज्जा असते की नाही? हे मी बोलून दाखवणार होतो, पण बायकोनं माझ्या पायावर पाय ठेवला आणि तसाच दाबून धरला.

“आता माझं ऐका,” मामा म्हणाले. “मोटर तुमी लावता आणि वर जाऊन बसता. टाकी भरून पाणी वाहते, बंद करायला मी उठतो. फाटक हातानं उघडत नाही, पायानं उघडता. हिच्या कोलमावरून उडी मारतां आणि बरोबर मधीं पडता. मी ‘वरलाम्’ मणतो ते तुमाला गाडी मागं घेता येत नाही मणून. नाही मटलं तरी तुमी येणारच, मग येऊ दे मणून सांगतो.”

“खांबावर गेली त्या दिवशी तुम्ही...”

“त्या दिवशी मी ‘पोदुम्’ मणत होतो. पुरे. तुमी काच वर करून गाणीं ऐकत होता.”

मी कॉफी प्यालो. तोंड भाजलं.

“घर तुमाला नाही द्यायचं,” मामा म्हणाले.

बायकोनं पाय काढून घेतला. ती काही मिनतवारी करणारी बाई नाही. पण आता ती मराठीत, सावकाश, मिरजेच्या जागेबद्दल सांगू लागली. आई रात्री पाण्याला उठली तरी भिंत धरून उठते. शेजारची बाई लक्ष ठेवते, पण तिलाही तिचा संसार आहे. घर नाही मिळालं तर पुढच्या महिन्यात मी जाणार. हे सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला पहिल्यांदा कळलं की तिनं मनातल्या मनात सामानही बांधून ठेवलंय.

“तुमाला नाही मटलं,” मामा म्हणाले. “राहणार कोण? आई. मग आईशीं बोलतो. लावा फोन.”

फोन लावला. मामांनी तो बायकोच्या हातातून घेतला आणि अर्थातच स्पीकरवर टाकला. तोंडापुढे आडवा धरला. नीट ऐकू यावं म्हणून मी उठून पंखा बंद केला, यावरून माझी अवस्था कळेल.

सासूबाईंना वाटलं, जावई ऑफिसात आहे. रविवार त्यांच्या लक्षात नव्हता, किंवा मी तिथे नाहीच असं धरून चालणं त्यांना बरं वाटलं असावं. मामींनी आधी गुडघे विचारले. मग तेलं कुठली लावता ते विचारलं. मग मामा पुढे झाले.

“जावई कसे आहेत तुमचे?”

“माणूस वाईट नाही हो,” सासूबाई म्हणाल्या. “पण तोंड. सारखं कुणाचं तरी काहीतरी. मागच्या खेपेला आला तर ओला टॉवेल माझ्या गादीवर, आणि वर मलाच सांगतो, तुमच्या घरात दमट वास येतो. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडला की त्याची नक्कल सुरू. माझीसुद्धा करतो. मला कमी ऐकू येतं अशी त्याची समजूत आहे.”

“आणि येतं?”

“सगळं येतं. मी त्याला सांगत नाही. बंद करील.”

मामा इतके हसले की फोन त्यांनी मामींकडे दिला. डोळे पुसत बायकोला म्हणाले, “याच महिन्यांत येऊ दे. जिना नाही, काही नाही. दार उघडून समोर यायचं.”

पण सासूबाई अशा हो म्हणणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी उलटतपासणी घेतली. पाणी किती वेळ असतं, संडासाला धरायला दांडी बसवून द्याल का. “आणि पहाटे टीव्ही मोठा लावता म्हणे तुम्ही? मुलगी सांगत होती. तसलं मला चालणार नाही, आधीच सांगते.”

“लहान करतो,” मामा म्हणाले.

एवढंच. लहान करतो. त्या टीव्हीवर मी जिन्यात किती मेहनत घेतली होती. मिरजेहून एका बाईनं, गुडघ्याला तेल लावत लावत, एका वाक्यात तो लहान करून घेतला.

चावी मामींनी आतून आणली. मी हात पुढे केला. त्यांनी ती बायकोच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, “तुमी ठेवाल कुठंतरी.”

बाहेर आलो. दार लागलं. जिना चढताना मी तोंड मिटून होतो, चपलांचा आवाजसुद्धा होऊ देत नव्हतो. पहिल्या वळणावर बायको थांबली. चावी तिनं मुठीत घट्ट धरली होती. ती एरवी जिन्यात कुजबुजते. आज तिनं कठड्याला रेलून, चांगला खडा आवाज लावला.

“तर माझा नवरा. याला सकाळी मोजे सापडत नाहीत. मोजे समोर असतात. मग हा ओरडतो...”

“अगं, हळू बोल.”

“...आणि आंघोळ करून आल्यावर ओला टॉवेल. गादीवर. आईच्याच नाही, आमच्यासुद्धा.”

खाली दाराची कडी निघाली. मग ओळीनं दोन खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. निदान दारामागे लपून ऐकण्याचं सोंग तरी करायचं.