लग्न मोडून बांधलेलं घर

कोरियातल्या सोलच्या दवाखान्यात ओकदानला कुणी घराबद्दल विचारलं की तिची कळी खुलायची. "यानजीला आहे ना माझं घर. नववा मजला, दक्षिणेकडे तोंड. थंडीतसुद्धा बाल्कनीत मिरच्या वाळतात." परक्या म्हाताऱ्यांना पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं आणि त्यांच्याच खाटेशेजारी बुटक्या बाकड्यावर पाय दुमडून पडायचं, असा तिचा संसार. आठवड्यात एक सुट्टी, ती लेकीकडे. पण तोरा घरमालकिणीचा.

बरोबरच्या बाया चिडवायच्या, "ओकदानताई, त्या घरात तुमच्यापेक्षा झुरळंच जास्त राहिली असतील."

"राहू देत. भाडं वसूल करीन," ती म्हणायची. साठी झाली की काम सोडायचं, यानजीला जायचं आणि खालून तापणाऱ्या जमिनीवर पाठ टेकून दुपारभर लोळायचं, एवढीच तिची हौस होती. आणि तेवढंही बाईच्या नशिबात नव्हतं.

आमच्या यानजीकडची माणसं बोलतात कोरियन, पण देश चीन. त्या काळी आमच्यातल्या बाईला कोरियात शिरायचं तर एकच खात्रीची वाट होती, तिथल्या कुणाची तरी बायको व्हायचं. सुवन गावचा ग्वोन नावाचा एक विधुर दलालाने शोधून दिला. पैसे घेऊन कागदापुरता नवरा व्हायला तो तयार होता. पण एक बायको दोन नवऱ्यांच्या नावावर कशी चढणार? म्हणून आधी ओकदानचा आणि तिच्या नवऱ्याचा, मानगिलचा, घटस्फोट. निम्म्या गावाने हे केलं होतं, कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. मानगिलनेच तिला सायकलवर बसवून कचेरीत नेलं. कारकुनाने विचारलं, का मोडताय? मानगिल म्हणाला, "ही घोरते, साहेब." बाहेर येऊन दोघं पोट धरधरून हसले आणि समोरच्या टपरीवर थंड शेवयांचा एकेक वाडगा खाल्ला. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न, असं ठरलं होतं.

म्हणतात ना, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. ओकदानने लग्न मोडून घर बांधलं.

कोरियाचं नागरिकत्व मिळालं, ग्वोनही ठरल्याप्रमाणे घटस्फोट देऊन बाजूला झाला. आता मानगिलशी पुन्हा लग्न तेवढं नोंदवायचं होतं. "लगेच नको, तिकडच्या साहेबांना संशय येईल," मानगिल म्हणाला. पुढच्या वर्षी तिला सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी त्याची आई आजारी. तशीही ती नवीन वर्षाला चार दिवस यायची, एकाच अंथरुणात निजायची, अख्खं गाव तिला लेकीच्या नावाने, ह्यांगनानची आई म्हणूनच हाक मारायचं. आपल्याच नवऱ्याशी लग्न करायची घाई कुणाला असते? तेवढ्यात फ्लॅटचं जमलं. ती आता परदेशी, तिचं नाव घातलं तर कटकटी वाढतील, म्हणून मानगिलचं एकट्याचं नाव लागलं. पैसे सगळे तिचे. गावी जाणाऱ्या बायांनी कमरेला बांधून नेलेले. त्याची ना पावती, ना साक्षीदार. अहो, नवऱ्याकडून कुणी पावती घेतं का?

मग साथ आली, सीमा बंद झाल्या, तीन-चार वर्षं जाणंच झालं नाही. वाट मोकळी झाल्यावर तिची मैत्रीण गुमजा यानजीला जाऊन आली. आल्या आल्या तिने ओकदानला कोपऱ्यात घेतलं. "तुझ्या बाल्कनीत मिरच्या वाळतायत, गं. कुणीतरी बाई उलटत होती."

तिसऱ्या दिवशी सोलमधल्या देरिमच्या बाजारात, मेंढीच्या मटणाच्या दुकानाच्या माडीवर जो वकील बसतो, त्याच्याकडे गेली.

"मला घटस्फोट हवाय. आणि अर्धं घर."

वकिलाने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "काकू, तुमचा घटस्फोट झालाय."

"तो खोटा होता."

"सरकारकडे खोटा आणि खरा असे दोन नसतात. घर घेतलं तेव्हा तुम्ही त्याच्या कुणीही नव्हता."

"आणि माझे पैसे?"

"दिल्याचा पुरावा नाही. एक करता येईल. कोर्टात सांगायचं की तो घटस्फोट नुसता कोरियात यायला केला होता, संसार शेवटपर्यंत त्याच्याशीच होता. तरी घर मिळेलच असं नाही. पण मग ग्वोनशी केलेलं लग्न काय होतं, हे इथलं सरकार विचारणार. तुमचं नागरिकत्व जाईल. तुमच्या आधारावर कोण कोण आलंय इथे?"

लेक ह्यांगनान आली होती. जावई आला होता. नातू इथल्या शाळेत जात होता. ओकदान उठली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेली.

लेक म्हणाली, "आई, सोड ना ते घर. आमच्याकडे राहा." लेकीचं घर म्हणजे तळघरातली एक खोली, त्यात तिघं. कुठे राहायचं हे लेकीलाही माहीत नव्हतं.

कायद्याने नाही तर लाजेने तरी देईल, म्हणून ओकदान स्वतःच यानजीला गेली. माणूस वाईट नव्हता तो, असं तिला अजून वाटत होतं. दार मानगिलनेच उघडलं. पोट सुटलेलं, अंगात घरचा लेंगा.

"ह्यांगनानची आई, कळवून तरी यायचं."

"माझ्या घरी यायला कळवू?"

आतून पन्नाशीची एक बाई हात पुसत आली. बुनसुन तिचं नाव. "या, ताई. प्रवासात काही खाल्लं नसेल तुम्ही," म्हणाली आणि परत आत जाऊन भात वाढायला लागली. भांडायला आलेल्या माणसाला वाढलेलं ताट फार जड जातं. ओकदानने घास घेतला नाही.

"मला अर्धं घर दे," ती म्हणाली. उभ्या जन्मात मानगिलला तिने पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"घर माझं राहिलेलं नाही. गेल्या वर्षी बुनसुनच्या नावावर केलं. लग्न नोंदवलंय आम्ही."

"कसं नोंदवलं? माझ्याशी झालेलं काय?"

"त्यांनी विचारलं, आधी लग्न झालं होतं का. म्हटलं, झालं होतं, मोडलं. मोडल्याचा कागद दाखवला."

"तो कागद आपण हसत हसत केला होता, मानगिल."

"मग जा कोर्टात आणि सांग, हसत हसत केला म्हणून."

त्याला सगळं ठाऊक होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते ओकदानला त्या घटकेला कळलं. रडावं की त्याच्या थोबाडीत द्यावी, हेच तिला सुचेना.

मानगिलचा आवाज जरा उतरला. "तू पैसे पाठवलेस, मी नाही कुठे म्हणतो? पण ताप आला तर पैसे उठून पाणी देत नाहीत. आई गेली तेव्हा तू तीन दिवसांनी आलीस. मी किती वर्षं तुझ्या घराची राखण करत बसायचं?"

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

"तिला मी सोडून कुणी नाही," तो म्हणाला.

"आणि मला कोण आहे?"

"तुला कोरिया आहे की."

परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. बाहेर बर्फ पडत होता. ओकदान उठायला लागली तेव्हा बुनसुननेच तिचा हात धरला. "आता कुठे लॉज शोधत फिरणार? आजच्या दिवस राहा. फक्त चौकीत जाऊन यायला लागेल. परदेशी माणूस घरात ठेवून घ्यायचा तर कळवावं लागतं, नाहीतर दंड होतो." तिने कुत्सितपणे म्हटलं असतं तर ओकदानला बरं वाटलं असतं. पण ती साधेपणानेच म्हणाली.

दोघी चालत चौकीत गेल्या. मानगिल आला नाही. पोलीस कोवळा पोरगा होता, त्याने ओकदानचा कोरियन पासपोर्ट चाळला.

"घरमालक कोण?"

"मी," बुनसुन म्हणाली.

"ह्या तुमच्या कोण?"

बुनसुन ओकदानकडे बघायला लागली. काय सांगायचं ते तिला खरंच कळत नव्हतं. ओकदानच्या जिभेवर खरं होतं ते आलं. ते बोललं तर नातवाची शाळा जाते, हेही पाठोपाठ आलं.

"ओळखीची आहे. पाहुणी," ओकदान म्हणाली.

"किती दिवस राहणार?"

"एकच रात्र."

पोराने शिक्का मारला आणि उद्याच जायचं हं, मावशी, म्हणून बजावलं. बाहेर पायऱ्यांवर बर्फ साचला होता. उतरताना बुनसुनने तिला हात दिला. सवतीच्या घरात एक रात्र निजायला मिळालं म्हणून ओकदानने तिचे आभार मानले.