दोन वाव दोरी

माणिकपूरला फ्लॅट घेतला तेव्हा मी वालीवच्या एका कारखान्यात होतो. कॉलेजात शिडाच्या छोट्या बोटी चालवायला शिकलो होतो. तेवढ्या भांडवलावर कोळीवाड्यातल्या होड्यांच्या हिवाळी शर्यतींचा मार्ग आखायचं काम माझ्याकडे आलं. सोबत एक म्हातारे कोळी काका. रिकाम्या प्लॅस्टिकच्या कॅनवर लाल झेंडा, खाली दोरीला दगड. असे तीन कॅन समुद्रात सोडले की मार्ग तयार. वारा मी बघायचो, जागा काका धरायचे. चर्चचा मनोरा ठरलेल्या ताडाआड गेला की म्हणायचे, "इथंच टाक." काय सुंदर सकाळी होत्या त्या! रविवारची झोप मोडल्याचं कधी वाईट वाटलं नाही.

एका वर्षी ओहोटीला कॅन सोडताना काका म्हणाले, "आनखी दोन वाव दोरी सोड. पानी चढंल." वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी. माझ्या खिशात भरतीचा छापील तक्ता होता आणि डोक्यात हवा. "लांब दोरीने कॅन भटकतो, काका." त्यांनी तेवढ्याच दोरीने दगड पाण्यात सोडला.

त्या दिवशी काकांची मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. महिन्याभराने लग्न होऊन ती घाटावर जाणार होती. ही शेवटची शर्यत तिला जिंकायचीच होती. पण भरती चढली, आखूड दोरीने दगड उचलला आणि लांबचा कॅन किनाऱ्याकडे सरकला. मनोरा आणि ताड बापाने तिलाही शिकवले होते. ती कॅनला न वळता तशीच पुढे गेली आणि मूळ जागेवरून वळली. मागचे सगळे सरकलेल्या कॅनवरूनच फिरले, त्यांचं अंतर वाचलं. ती तिसरी आली.

शर्यत पुन्हा घ्यायला हवी होती. पण मग चूक कोणाची, हेही सांगावं लागलं असतं. मी निकाल जाहीर करून टाकला.

ती ओल्या कपड्यांनीच आली. "दादा, कॅन सरकला व्हता ना?"

"नाही गं, तुझाच अंदाज चुकला."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, मीच चुकले."

"नाय पोरी, तू बराबर व्हतीस," काका म्हणाले आणि खाली बसून माझी दोरी गुंडाळू लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

पुढच्या हिवाळ्यात काकांनी सांगायच्या आत मी दोन वाव दोरी जास्त सोडली. कॅन दिवसभर जागचा हलला नाही. ती मात्र शर्यतीत नव्हती.